गावच्या वाचनालयात गावाचा इतिहास अन् वंशावळ : आमच्या बैठका, आणि एक अडलेली नोंद

आर्वीकडचा

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. नदी गावापासून दोन कोसांवर, नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. वाचनालय 'ड' वर्गातलं. दोन खोल्या, चार कपाटं, समोर ओटा. दीड वर्षापासून तिथं महिन्यातल्या एका शनिवारी रात्री आम्ही गावाच्या इतिहासाची बैठक घेतो. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. एका नोंदीपाशी अडलोही आहे, म्हणून आज बसलोच.

सुरुवात आम्ही सगळे करतात तशीच केली. बाहेरगावाहून एका अभ्यासकांना बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं. वाकाटकांवर ते तासभर फार चांगलं बोलले. ऐकायला अकरा जण होते, त्यातले पाच समितीचे. त्यांच्या बोलण्यात काही कमी नव्हतं. पण गावाला त्या तासाभरात स्वतःचं काही सापडलं नाही, हे मला त्या रात्री कुलूप लावताना जाणवत राहिलं.

पुढच्या महिन्यात फळ्यावर एवढंच लिहिलं : 'वेशीजवळची पायऱ्यांची विहीर कोणी बांधली? ज्याला माहीत असेल त्यानं शनिवारी जेवण करून यावं.' ओटा भरला, माणसं रस्त्यावर उभी राहिली. कोणी म्हणे मालगुजारानं, म्हणजे गावच्या जमीनदारानं बांधली, कोणी म्हणे छप्पनच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात रिलीफच्या कामावर झाली. एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं की तिच्या सासूच्या आईनं त्या कामावर टोपल्यानं माती वाहिली होती, आणि मजुरी धान्यात मिळाली होती. त्यावर वाद झाला, आवाज चढले, आणि एक जण उठून घरी गेला तो बापाच्या पेटीतला कागदच घेऊन आला. त्या दिवसापासून बैठकीला कागद यायला लागले.

आता खरं सांगायचं तर निम्मे लोक येतात ते जात पडताळणीसाठी. पोरीला इंजिनीअरिंगला किंवा नर्सिंगला लावायचं असतं, व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) हवी असते, आणि अर्जासोबत वंशावळीचं शपथपत्र लागतं. बाप, आजा इथपर्यंत सगळ्यांना येतं. पणजाशी गाडी थांबते. मग माणूस तहसील, शाळा, भूमी अभिलेख असे हेलपाटे घालतो, नक्कल मिळवतो, आणि ती वाचता येत नाही म्हणून आमच्याकडे घेऊन येतो. 'मौजा' म्हणजे गाव, 'साकीन' म्हणजे राहणार, 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'बेवा' म्हणजे विधवा. एवढे पाच शब्द फळ्यावर लिहिले तरी अर्धा कागद मोकळा होतो. त्यात पुन्हा आडनाव नसतं. 'उकंडा वल्द सोमा' एवढंच. आधीची लेकरं गेली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून उकंडा, दगडू, फकीरा अशी नावं ठेवत. एकाच गावात एकाच काळात तीन उकंडे निघतात. आपला कोणता, हे कागद सांगत नाही. ते शेजारच्या घरातला म्हातारा सांगतो. म्हणून ही बैठक वाचनालयातच व्हायला हवी असं मला वाटतं. कागद आणि म्हातारा एका दरीवर (सतरंजीवर) बसायला गावात दुसरी जागा नाही.

आता माझी अडचण. माझा आजा सांगायचा की त्याची माय मानमोडीत गेली, तेव्हा तो मांडीवरचा होता. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. आमच्या गावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, त्या वर्षाची नक्कल मिळाली. ऑक्टोबरच्या आधी पानावर चार-पाच मृत्यू दिसतात. ऑक्टोबर लागला की पानं भरत जातात. शाई फिकी, अक्षर घाईचं, कारणाच्या रकान्यात एकाखाली एक 'ताप, ताप, ताप'. त्यात एक ओळ आहे : 'औरत महादू', वय २२, ताप. महादू माझा पणजा. तारीख जुळते, वय जुळतं. फक्त तिचं नाव नाही.

वंशावळीचा मोठा कागद वाचनालयात लावला आहे. त्यात माझ्या घराच्या फांदीवर तिच्या जागी मी पेन्सिलनं 'औरत महादू' लिहून ठेवलं आहे. ते पाहवत नाही. तिचं माहेर नदीपलीकडे होतं एवढंच ऐकून आहे. कुठं शोधू?

पैलतीर

तुमच्या गावासमोरच्याच काठावरची मी. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नदी ओलांडली की कागदांचं राज्यच बदलतं. तुमचा काठ भोसल्यांचा. १८५३ अखेर तिसरे रघूजी वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. आमचं वऱ्हाड निजामाचं. ते १८५३ च्या तहानं इंग्रजांच्या कारभारात गेलं, तरी मालकी निजामाचीच राहिली. १९०२ मध्ये कायमचा पट्टा झाला आणि १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं. तुमच्याकडे मालगुजारी, आमच्याकडे रयतवारी. म्हणून तुमच्या गावच्या जुन्या बंदोबस्ताच्या मिसलीत (जमीन मोजणी-आकारणीच्या दप्तरात) मालगुजार, त्याची खुदकास्त (तो स्वतः कसायचा ती जमीन), मग कुळं अशी उतरंड दिसेल. आमच्याकडे सरळ शेत नंबर आणि खातेदार. जुनं पेरेपत्रक मिळालं तर कोणत्या साली कोणत्या शेतात कोणाची जवारी होती तेही कळतं.

सोयरिकी मात्र नदी पाहून होत नव्हत्या. या भागातल्या कोणत्याही घराची वंशावळ दोन्ही काठांवर शोधावी लागते, आणि माणसं एकाच काठावर शोधून थकतात.

तुमच्या पणजीसाठी माहेरच्या गावचं नाव आधी हवं. ते नसेल तर आमच्याकडचा कागद उघडून उपयोग नाही.

मोडीचा विद्यार्थी

कागद यायला लागले आहेत म्हणता, तर त्यात मोडीतले असणारच. १९५० च्या आसपास शाळांतून मोडी गेली. आज ज्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे त्यांच्यापैकी काहींनी ती पाटीवर गिरवलेली असते. गावात असा एखादा माणूस आहे का ते आधी शोधा. त्याला अक्षरं अजून ओळखू येतात. आपल्याला चष्मा लावून जे लागत नाही ते तो ओळीच्या चालीवरून सांगतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणारे किती थोडे उरलेत ते सगळ्या राज्यानं पाहिलं.

तारखांचं थोडं सांगतो, कारण लोक तिथंच चुकतात. जुन्या कागदात शुहूर सन (मराठेशाहीतल्या कागदांतलं अरबी साल) असेल तर अंक शब्दांत आणि उलटे लिहिलेले असतात, आधी एकं, मग दहं, मग शेकडा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा. १७६०-६१ येतं, म्हणजे पानिपतचं साल. फसली सन (महसुली साल) असेल तर दक्षिणेकडच्या हिशेबानं ५९० मिळवायचे, महिना पाहून एखादं वर्ष पुढे. पण उत्तरेकडचा फसली वेगळा, तिथं ५९२-९३ मिळवावे लागतात. नागपूरकडे कारभारात हिंदी पट्ट्यातली माणसंही होती, तेव्हा कागदातल्या एखाद्या माहीत असलेल्या घटनेवर साल पडताळल्याशिवाय वंशावळीत लिहू नका. दोन-तीन वर्षांच्या फरकानं बाप मुलापेक्षा लहान झालेला मी पाहिला आहे.

आणि हात जोडून एक विनंती. कागद लॅमिनेट करू देऊ नका. फाटला तर सेलोटेप लावू देऊ नका, डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो. दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न पडू देता, वरून सरळ मोबाईलनं फोटो काढा. फोटोत शेजारी पट्टी ठेवा, मागची बाजूही घ्या. मग कागद धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून ज्याचा त्याला परत.

आर्वीकडचा

मोडीचा विद्यार्थी, 'ज्याचा त्याला परत' हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याच घराचा अनुभव आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, संशोधन करतो म्हणाले, माझ्या वडिलांकडून लाल रुमालातला जुन्या कागदांचा बस्ता घेऊन गेले. महिन्यात आणून देतो म्हणाले होते. वडील गेले तोवर वाट पाहत होते. म्हणून आमच्या बैठकीचा पहिला नियम हाच आहे : मूळ कागद रात्रभरही वाचनालयात राहत नाही. मालक सोबत बसतो, फोटो निघतो, कागद मालकाच्या हातात.

तूरदाणा

भाऊ, तुमच्या बैठकीले येनं जमलं पायजे. आमच्या गावात तं म्हातारे एकेक करून चालले. माह्या आज्याच्या टीसीवर जन्मतारीख १ जून हाये, माह्या बापाच्याबी १ जून, काकाच्याबी १ जून. मले लहानपनी वाटे का आपल्या घरात समदे एकाच दिवशी जन्मले. मास्तरानं अंदाजानं लिहेल हाये ते मंग समजलं.

ते शायेतलं दाखल-खारीज रजिस्टर पाहासाठी काय करा लागते?

आर्वीकडचा

तूरदाणा, मुख्याध्यापकांकडे साधा लेखी अर्ज द्या, कोणत्या सालचा कोण ते लिहा. शाळा बंद झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेलेलं असतं. आणि १ जूनच्या बाबतीत एक युक्ती. त्याच रजिस्टरात दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता खरी असते, कारण ती त्या दिवशी डोळ्यांसमोर लिहिलेली असते. तिच्यावरून मागे मोजा. मग कोतवाल बुकात तेवढी दोन-तीन वर्षं चाळा, 'अमक्याला मुलगा' अशी ओळ सापडते. मुलाचं नाव बहुतेकदा नसतंच, बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते.

सेवापुस्तक

निवृत्त महसूल कर्मचारी आहे. पडताळणीसाठी येणाऱ्यांना हे नीट सांगा, कारण चुकीच्या सालचे पुरावे जोडून लोक वर्षं घालवतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा वजनदार. त्या आधीचा एक कागद नंतरच्या दहा कागदांपेक्षा मोलाचा.

मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली आणि १९५१ पासून गावं सरकारकडे आली. त्यानंतर काही वर्षांत तयार झालेला अधिकार अभिलेख तुमच्या बाजूच्या गावांसाठी सोन्यासारखा आहे. कुळं त्यात नावानिशी आली आहेत. अर्ज करताना फक्त 'जुना सातबारा' लिहू नका, 'अधिकार अभिलेख' आणि 'बंदोबस्त मिसल' असे शब्द लिहा. मागणारा शब्द ओळखून मागतो आहे हे दिसलं की कपाट उघडतं.

जनगणनेत नावं मिळतील का, असं एकानं मला विचारलं होतं. नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं घरोघरची माहिती कोणालाही पाहायला मिळत नाही. पण गावाचा इतिहास हवा असेल तर १९५१ आणि १९६१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका जरूर पाहा. गावात घरं किती, माणसं किती, ते त्यात आहे.

निळी पहाट

हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होतो.

तुम्ही सगळे ज्या कोतवाल बुकाबद्दल बोलता आहात तसंच आमच्या गावचं बुक माझ्या आज्याच्या काखेत असायचं. आमचा आजा कोतवाल होता, त्याचा बापही. आमच्या भागात कोतवालकी बहुतेक महार घरांकडेच होती. आजाला लिहिता येत नव्हतं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचं जनावर दगावलं, सगळं तो डोक्यात ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी ठाण्यात पायी जाऊन सांगायचा. तिथला मुन्शी ते बुकात उतरवायचा. मुन्शी हिंदी भाषक असला तर 'औरत', 'लडका हुआ' असं लिहायचा. आर्वीकर, तुमच्या नोंदीत 'औरत महादू' आहे ते त्यामुळे असणार. तुमच्या गावच्या कोतवालानं कदाचित नाव सांगितलंही असेल. त्याला गावातल्या प्रत्येक बाईचं नाव ठाऊक असणार. रकाना मात्र त्यानं भरला नाही.

१९१८ च्या त्या दोन महिन्यांत ठाण्याची वाट चालणाऱ्या माणसाच्या डोक्यात किती नावं असतील याचा मी नेहमी विचार करतो. माझ्या आज्याच्या स्वतःच्या घरातून तिघे गेले होते, असं माझी आजी सांगायची. त्यांचीही नावं त्यानंच सांगितली असतील, त्याच वाटेवरून जाऊन.

आज त्या बुकाची नक्कल घेऊन गावातली सगळी घरं आपापले पूर्वज शोधतात, आणि ते चांगलंच आहे. मात्र तुमच्या वाचनालयातल्या मोठ्या कागदावर त्या काळच्या कोतवालाचं घर आहे का? माझ्या गावी अशीच वंशावळ देवळात लावली होती. त्यात आमची वस्ती नव्हती. विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडून कोणी माहिती दिली नाही. कोणी विचारायलाच आलं नव्हतं.

आर्वीकडचा

निळी पहाट, तुमचा प्रतिसाद मी वाचनालयात मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या कागदावर त्या वस्तीतली चार घरं आहेत, कोतवालाचं नाही. ते कुटुंब १९६० च्या आधीच नागपूरला गेलं म्हणून राहिलं, असं मी स्वतःला सांगत होतो. ते कारण पुरेसं नाही. पुढची बैठक आम्ही वाचनालयात नाही तर विहाराच्या अंगणात घेतो आहोत. तिथल्या मंडळींनीच तारीख ठरवली.

सातदेवे

यवतमाळकडून, पांढरकवड्याच्या बाजूनं. आम्हा गोंडांत वंशावळ कागदावर नव्हतीच. परधान यायचे. किंगरी वाजवत ते कुळाची कथा गायचे, चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे, कोणत्या सग्यात (कुळांच्या गटात) कोणती कुळं, कोणाशी सोयरिक होते आणि कोणाशी होत नाही, सगळं गाण्यात. गोंडांच्या घरी परधानाचा मान होता, त्याला धान्य, कापड, कधी जनावर द्यायचे. माझ्या लहानपणी एक म्हातारा परधान यायचा. तो रात्रभर गायचा आणि मी मध्येच झोपून जायचो. आता तो नाही. त्याच्या मुलाकडे किंगरी आहे, तिन्ही तारा सुटलेल्या.

ज्यांच्या वाचनालयाच्या आसपास गोंड, कोलाम, परधान वस्ती आहे त्यांनी व्याख्यात्याऐवजी एकदा परधानाला बोलवा. रेकॉर्ड करा, पण आधी विचारून. आणि ते गाणं तासाभरात संपवायला सांगू नका.

गोरज

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. वंशावळीच्या या उत्साहाची मला काळजी वाटते. आमच्या गावात अशीच वंशावळ फलकावर लावली आणि दोन भावांत कोर्ट लागलं. कारण त्यात एका पणजीचा पाट लागल्याचं दिसत होतं, आणि पहिल्या घरचा मुलगा कोणाच्या नावावर, यावर शेताचा वाद उभा राहिला. दत्तक, पाट, पळून गेलेली पोर, सगळ्या घरांत असतं. ते चारचौघांत वाचायचं का? शिवाय जात हा पहिला रकाना असलेल्या कागदांवर आपण गावाचा इतिहास उभा करतो आहोत. पोरांच्या मनात काय जातं त्यातून?

आर्वीकडचा

गोरज, तुमची भीती खरी आहे, आणि मी एकदा चुकलोही आहे. सुरुवातीला मी विचारल्याशिवाय एका घराची फांदी फळ्यावर काढली. बैठक संपल्यावर त्या घरची वहिनी थांबली. मला म्हणाली, 'भाऊजी, माझ्या सासऱ्याला तीन बहिणी होत्या. तुमच्या झाडावर एकही नाही.' वाटणीच्या वेळी त्यांची हक्कसोड घेतली होती, म्हणून कोर्टाच्या वंशावळीत त्या नव्हत्या आणि मी तीच वंशावळ उतरवून काढली होती. पाट लपवावा असं तिला वाटत नव्हतं. तिला डाचत होतं ते बाया वगळल्याचं.

तेव्हापासून दोन वेगळे कागद ठेवतो. शपथपत्राची वंशावळ ज्याची त्यानं घरी करावी, आम्ही वाचायला मदत करतो, तिची प्रत ठेवत नाही. भिंतीवरच्या कागदावर मात्र घरानं जे सांगितलं तेवढंच, आणि त्यात लेकी, सुना, त्यांची माहेरं. जिवंत माणसाची जन्मतारीख नाही, शेताचा नंबर नाही, जातीचा रकाना नाही.

जातीच्या रकान्याबद्दल मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. तो रकाना पाहूनच आमच्या पोरांनी विचारलं की त्या काळी विहिरीवर पाणी कोण भरू शकत होतं. विहीर कोणी बांधली यावर गाव भांडलं होतं. पाणी कोणाला मिळत होतं हे एका नववीतल्या मुलीनं विचारलं तेव्हा ओटा बराच वेळ गप्प होता. मग निळी पहाट म्हणतात त्या वस्तीतल्या एका काकांनी सांगितलं, आणि ते सगळ्यांनी ऐकून घेतलं.

बुडीत क्षेत्र

आमचं गाव धरणात गेलं. नव्या गावठाणात प्लॉट मिळाले, रस्ते सरळ आहेत, मारुतीही नवा बांधला. पण पांढर, म्हणजे जुन्या गावाची जागा, पाण्याखाली गेली. आमच्याकडे वाचनालयात अशी बैठक झाली तेव्हा वंशावळ कोणी काढलीच नाही. एका जाणत्या माणसानं जमिनीवर खडूनं जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला. वेस इथं, कोंडवाडा इथं, तेल्याचा घाणा इथं. मग बाया उठल्या. त्यांना घरांची रांग माणसांपेक्षा पक्की आठवत होती, कारण पाण्याला जाताना त्या दारादारांवरून जात. दोन तासांत एकशे सहा घरं खडूनं उभी राहिली. एका पोरानं खुर्चीवर चढून फोटो काढला, तोच आता आमच्या गावाचा नकाशा आहे.

भूमी अभिलेखातून जुन्या गावाच्या नकाशाची प्रतही मागवली. त्यात शेतं आहेत, गावठाण म्हणजे नुसता एक मोकळा तुकडा.

शिलालेख

गोरज यांच्या प्रश्नावर एक जोड. कूळ सोडून गावाच्या नावापासून सुरुवात करा, त्यात कोणाचं भांडण नाही. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्यात भोजकट राज्यात मधुनदीच्या काठी असलेलं चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचं आहे. चर्मांकाचं चम्मक झालं आणि दीड हजार वर्षं ते नाव लोकांच्या तोंडात राहिलं. रिद्धपूर, आणि महानुभावांच्या स्थानपोथीत आलेली गावं, तीही अशीच तपासून पाहता येतात. तुमच्याकडे १९०६ चं वर्धा जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे, वऱ्हाडकडच्यांना अकोला १९१०, अमरावती १९११. या. मा. काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ चा आणि 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ चा. तालुक्याच्या जुन्या वाचनालयांत ते धूळ खात पडलेले असतात. एक-एक प्रकरण मोठ्यानं वाचलं तरी चार बैठका होतात.

ग्रंथपाल बाई

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला वर्ग मिळतो, तपासणी होते, अनुदान हप्त्यांनी येतं. त्यात पगार, पुस्तकं, वीजबिल भागवताना कार्यक्रमाला काही उरत नाही हे मलाही माहीत आहे. पण या बैठकांना पैसा लागत नाही. दरी, चांगला उजेड आणि चहा. वेळ मात्र पाळा : कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी येणार नाही, आणि रात्रीची लाईन असली की माणूस ओलिताला जातो. आम्ही वर्षातून आठच बैठका घेतो.

फोटो आणि रेकॉर्डिंग पेन ड्राईव्हवर ठेवून विसरू नका. दोन ठिकाणी ठेवा, आणि एक वही करा : तारीख, कोण बोललं, कशाबद्दल, कोणता कागद पाहिला. दाखल नोंदवहीसारखी. दहा वर्षांनी मोबाईल राहणार नाही, वही राहील.

निंबोणी

आर्वीकर, तुमच्या पणजीबद्दल. पैलतीर म्हणतात तसे कागद शोधालच. पण मी एक विचारते. ती गेली तेव्हा महादू जिवंत होता, म्हणजे ती सवाशीण गेली. पितृपक्षात अविधवा नवमीला तुमच्या भाऊबंदांपैकी कोणाच्या घरी तिच्या नावानं सवाशीण जेवते का? नवरा गेल्यावर बरीच घरं हे बंद करतात, काही करत नाहीत. सासूनं सुनेला सांगितलेलं असतं, आणि सून नाव घेऊनच पान वाढते. तुम्ही पुरुषांना विचारलं असेल. सैपाकघरात विचारा. सगळ्यात म्हातारी सून कोणत्या घरात आहे?

पैलतीर

निंबोणी, हे मला सुचायला हवं होतं. आमच्याकडेही आहे असं.

आर्वीकडचा

मंडळी, उशिरा लिहितो आहे. सोयाबीन निघालं, चणा पेरून झाला, आता जरा मोकळा झालो.

निंबोणी, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी चुलत घरातल्या मोठ्या आईकडे गेलो. वय नव्वदीच्या घरात, कानानं कमी. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आधी माझा प्रश्न तिला कळला नाही. मग मी महादूचं नाव घेतलं आणि नवमीचं विचारलं. तिनं हात थांबवले नाहीत. शेंग सोलता सोलता नाव सांगितलं, आणि माहेरच्या गावाचंही. 'माह्या सासूनं मले सांगतलं होतं, तिचं पान चुकवू नको, लेकरू मांडीवर टाकून गेली ते. म्हून वाढतो.' तिच्या सासूला तरी ती आठवत असेल की नाही कोण जाणे, तिलाही तिच्या सासूनंच सांगितलेलं. १९१८ पासून दरवर्षी त्या घरात तिचं नाव घेतलं जात होतं, आमच्या घरापासून सहा घरं सोडून. माझा आजा ते न ऐकताच गेला.

पैलतीर, गाव तुमच्याच काठावरचं आहे, तुम्हाला वेगळा निरोप करतो. नाव इथं लिहीत नाही. मोठ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, आधी घरच्या पोरींना सांग.

विहाराच्या अंगणातली बैठकही झाली. नागपूरहून कोतवालाच्या घरची दोन नातवंडं आली होती. त्यांची फांदी कागदावर आली, त्यांच्याच हातानं लिहिलेली. साथीत त्या घरातून गेलेल्यांपैकी दोघांची नावं त्यांना ठाऊक होती. तिसऱ्याची जागा त्यांनी पेन्सिलनं आखून ठेवली आहे. निळी पहाट, तुमच्या गावची १९१८ ची पानं मागवलीत का?